सिंथमधला आवाज येतो कुठून?

१९५४च्या 'नागिन' चित्रपटातली बीन आजही वरातीत वाजते आणि कुणी ना कुणी तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतोच. ती बीन मुळात बीन नाही. हेमंतकुमारांच्या संगीतासाठी कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी, ती धून क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली बनवलेली ही छोटीशी पट्ट्यांची पेटी. आत व्हॅक्यूम ट्यूब, एका वेळी एकच सूर, आणि आवाजाचा पोत बदलायला काही बटणं. फुंकणारा गारुडी नाही, भोपळा नाही, पाती नाहीत. तरी इतकी वर्षं आपण तिला पुंगी म्हणूनच ऐकत आलो.

कान इतक्या सहज का फसतो हे कळलं, की सिंथेसायझरवरची, म्हणजे विजेने आवाज घडवणाऱ्या वाद्यावरची, नॉब आणि बटणांची गर्दी निम्मी सोपी होते.

संगीताच्या परीक्षांना बसलेल्यांना नादाची तीन लक्षणं पाठ असतात: तारता, तीव्रता आणि जाती. स्वर किती उंच, किती मोठा, आणि तो सतारीचा की सनईचा. परीक्षेत तिसऱ्या लक्षणावर दोन ओळी लिहिल्या की भागतं. सिंथचा सगळा कारभार मात्र या तिसऱ्यातच आहे.

तानपुऱ्याची खर्जाची तार घेऊ. ती सेकंदाला १०० वेळा थरथरते, म्हणजे १०० हर्ट्झ, असं धरू. पण ती एवढंच करत नाही. त्याच वेळी ती २००, ३००, ४००, ५०० अशा पटींतही थरथरत असते. हे सहायक नाद, किंवा स्टुडिओतल्या भाषेत हार्मोनिक्स. २०० हर्ट्झवर वरचा सा येतो, ३००वर प, ४००वर पुन्हा सा आणि ५००वर ग. तानपुरा जुळला की कुणी न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच, खर्जाचा पाचवा सहायक नाद. कुठल्या पटीतला नाद किती जोरात आहे, या मिश्रणावरून कान वाद्य ओळखतो.

निदान अर्धा तरी ओळखतो. उरलेला अर्धा भाग काळाचा. पियानोच्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक सुराचा पहिला क्षण, हातोडी तारेवर पडते तो, कापून टाकला तर पियानो ओळखणं अवघड होऊन बसतं. कारण खऱ्या वाद्यात मिश्रण क्षणभरही स्थिर नसतं. छेडल्याबरोबर वरचे नाद भरपूर असतात, ते आधी विरतात, खालचे मागे रेंगाळतात. स्वस्तातल्या कीबोर्डवरची सतार खोटी वाटते ती बहुतेक वेळा मिश्रण चुकल्यामुळे नव्हे, ते हललं नाही म्हणून.

तेव्हा कुठल्याही सिंथपुढे बसताना दोनच प्रश्न विचारायचे. सहायक नाद आणायचे कुठून? आणि त्यांना वेळेनुसार हलवायचं कोणी? सबट्रॅक्टिव्ह, एफएम, वेव्हटेबल, ग्रॅन्युलर ही नावं म्हणजे या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सर्वांत सरळ उत्तर असं, की प्रत्येक सहायक नाद स्वतंत्र तयार करायचा आणि बेरीज करायची. याला अ‍ॅडिटिव्ह सिंथेसिस म्हणतात. कुठलीही पुनरावृत्त होणारी लहर साध्या, एकही सहायक नाद नसलेल्या साइन लहरींच्या बेरजेतून मिळते, हे गणित फ्रेंच गणिती फूरिये यांच्या १८२२च्या ग्रंथापासून जगाला माहीत आहे. १९३५ साली आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये तर ते हाताने करता येत होतं: आत फिरणारी दातेरी चाकं साधे सूर काढायची आणि नऊ दांडे पुढेमागे करून कुठला नाद किती घ्यायचा ते ठरवायचं. अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे. चाळीस नाद असतील तर चाळिसांच्या चढउताराचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कागदावर ही पद्धत सर्वांत शुद्ध, वापरायला सर्वांत कंटाळवाणी.

म्हणून बहुतेकांनी उलटा रस्ता धरला. आधी सहायक नादांनी गच्च भरलेली लहर घ्यायची आणि नको ते काढून टाकायचे. हेच सबट्रॅक्टिव्ह सिंथेसिस. रॉबर्ट मूग यांनी १९६४ पासून बनवलेले मॉड्युलर सिंथ आणि १९७०चा मिनीमूग याच पद्धतीचे. (अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ सालीच एक मूग सिंथ येऊन पोहोचला होता आणि त्यावर भारतीय संगीतकारांनी टेप भरल्या होत्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.)

ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, हा कच्चा माल देतो. सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत सगळे सहायक नाद असतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा, तिसरा एक तृतीयांश, अशा उतरत्या क्रमाने. आवाज भरगच्च आणि थोडा चरचरीत. स्क्वेअर लहरीत फक्त विषम पटी, १००, ३००, ५००. आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाची आठवण करून देणारा. ट्रँगलमध्येही विषमच, पण वरचे नाद फार झटकन बारीक होत जातात, म्हणून तो मऊ. नॉइजमध्ये एका सुराचा पत्ताच नसतो, सगळ्या कंपनसंख्या एकदम. झांज, वारा, फुंकीचा सुस्कारा यांना तोच लागतो.

पुढे फिल्टर. लो-पास फिल्टर कटऑफच्या, म्हणजे आपण ठरवलेल्या सीमेच्या, खालचं जाऊ देतो, वरचं दाबत नेतो. मूगच्या फिल्टरची उतरण सप्तकाला २४ डेसिबल, म्हणजे कटऑफपासून एक सप्तक वर गेलं की नाद साधारण सोळाव्या हिश्श्यावर येतो. १२ डेसिबलच्या फिल्टरमध्ये तो चौथ्या हिश्श्यावर राहतो, म्हणून ते फिल्टर उघडे आणि तेजदार वाटतात. रेझोनन्स वाढवला की नेमका कटऑफच्या जागेवरचा नाद फुगतो. इथे एक प्रयोग करून बघाच. एकच सॉटूथ, १०० हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर धरून ठेवा, रेझोनन्स चांगला वर न्या आणि कटऑफ अगदी सावकाश खाली आणा. आवाजातून एकेक सहायक नाद उजळत जातो. वरची दाटी संपली की प, मग ग, मग सा, मग पुन्हा प. पुस्तकातला स्वयंभू गंधार इथे बोटाने पकडता येतो.

हलवण्याचं काम एन्व्हलपकडे. पट्टी दाबल्यावर आवाज किती वेळात चढेल तो अटॅक, चढून किती वेळात उतरेल तो डिके, पट्टी दाबलेली असेपर्यंत कुठल्या पातळीवर थांबेल तो सस्टेन आणि बोट उचलल्यावर किती वेळात विरेल तो रिलीज. सतारीला अटॅक जवळजवळ शून्य, सस्टेनही शून्य, डिके लांब. बासरीला थोडा अटॅक आणि भरपूर सस्टेन. नवशिके एन्व्हलप फक्त आवाजाच्या पातळीला जोडतात आणि थांबतात. खरा फरक पडतो तो दुसरा एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला जोडल्यावर, कारण मगच वरचे नाद आधी आणि खालचे नंतर विरायला लागतात. शिवाय एलएफओ, म्हणजे सेकंदाला पाच-सहा वेळा किंवा त्याहून सावकाश हेलकावणारा ऑसिलेटर. तो सुराला जोडला तर कंप, फिल्टरला जोडला तर 'वॉव-वॉव'.

एवढ्याशा सामानातून काय उभं राहतं याचं मुंबईतलं उदाहरण चरणजित सिंग यांचं. ते हिंदी चित्रपटसंगीतातले सेशन वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. त्यावर भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही.

यातलं टीबी-३०३ हे यंत्र बघण्यासारखं आहे. एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं गेलं. आत एकच ऑसिलेटर, सॉटूथ किंवा स्क्वेअर. एक लो-पास फिल्टर. एन्व्हलपला नॉब एकच, डिकेचा. खऱ्या बेस गिटारसारखं ते मुळीच वाजत नसे आणि १९८४ साली ते बंद झालं. पण त्यात स्लाइड नावाची एक सोय होती. आधी भरून ठेवलेल्या सोळा घरांच्या क्रमात एखाद्या घरावर स्लाइड लावला की पुढचा सूर तुटून न येता आधीच्या सुरावरून सरकत येतो. पाश्चात्त्य बेसवाल्यासाठी ती किरकोळ सोय होती. रागातला सूर तुटक लागून चालत नाही अशा वादकाच्या हाती ती आली आणि मींड झाली. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच यंत्राचे कटऑफ आणि रेझोनन्सचे नॉब वाजता वाजता पिळले आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस ही नाचाच्या संगीताची शैली निघाली. २०१०मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली तेव्हा 'अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मलं' असा गवगवा झाला. मला तो खरा वाटत नाही. दोन ठिकाणी दोन गरजांतून तेच यंत्र वाजलं, आणि त्याच्या फिल्टरचा स्वभाव इतका ठसठशीत आहे की परिणाम सारखा आला. वादकाचं मोठेपण त्याने काही कमी होत नाही.

आता एफएम. याला लोक उगाच घाबरतात. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग संगणकावर कंपाचे, व्हिब्रॅटोचे प्रयोग करत होते. एक ऑसिलेटर वाजतोय, दुसरा त्याची कंपनसंख्या वरखाली हलवतोय. हलवण्याचा वेग सेकंदाला सहा असेल तर आपल्याला सूर थरथरताना ऐकू येतो. वेग वाढवत शंभरावर नेला तर कान ती थरथर मोजू शकत नाही, आणि अचानक सूर स्थिर होऊन त्याची जात बदललेली ऐकू येते. सहायक नाद कुठूनही आणावे लागले नाहीत. दोन साध्या साइन लहरींच्या झोंबाझोंबीतून ते उपजले.

ते कुठे उपजतात याचा नियम सोपा आहे. ऐकू येणारा तो कॅरिअर, हलवणारा तो मॉड्युलेटर. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मॉड्युलेटरच्या अंतराअंतरावर नवे नाद पडतात. कॅरिअर १०० आणि मॉड्युलेटरही १०० असेल तर २००, ३००, ४००, सगळ्या पटी. मॉड्युलेटर २०० केला तर ३००, ५००, म्हणजे विषम पटी, स्क्वेअरसारखा पोकळपणा. शून्याच्या खाली जाणारे नाद उलटून वर येतात, पण या दोन उदाहरणांत ते पटींवरच पडतात, म्हणून गोंधळ होत नाही. मॉड्युलेटर १४० करा. वर २४०, ३८०, ५२०. खालून उलटून आलेले ४० आणि १८०. यांत एकमेकांशी पटीचं नातं उरलं नाही. कानाला हे धातूचं वाटतं: घंटा, टोल, थाळी. मॉड्युलेशनची मात्रा वाढवली की नाद वाढतात, कमी केली की साइन उरते. मग त्या मात्रेलाच एन्व्हलप लावायचा, सुरुवातीला भरपूर आणि मग झपाट्याने कमी. फिल्टरशिवाय दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं.

अमेरिकन ऑर्गन कंपन्यांना यात रस वाटला नाही. यामाहाने हक्क घेतले आणि १९८३ साली डीएक्स७ बाजारात आणला: सहा ऑपरेटर (म्हणजे कॅरिअर किंवा मॉड्युलेटर होणारे ऑसिलेटर), त्यांच्या जोडणीच्या ३२ ठरलेल्या रचना, एकाच वेळी सोळा सूर. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांतला तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो याचाच. पण एवढ्याशा पडद्यावर बटणं दाबत एकेक आकडा बदलायचा, म्हणून बहुतेकांनी कारखान्यातूनच भरून आलेले टोन वाजवले. एफएम कठीण असल्याची ख्याती मला वाटतं गणितापेक्षा त्या बटणांमुळे जास्त झाली.

घंटेचा विषय निघाला तर तबल्याकडे यावंच लागतं. साध्या ताणलेल्या चामड्याचे सहायक नाद पटींत नसतात; मूळ नाद १ धरला तर पुढचे १.५९, २.१४ असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की शाईच्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांचे सहायक नाद जवळजवळ पूर्ण पटींवर येतात. सिंथवर याचा थेट उपयोग होतो. एफएममध्ये तबल्याची चाट हवी तर गुणोत्तर पूर्णांकाचं ठेवा, संबळ किंवा ताशा हवा तर ते मोडा. मिरवणुकीत छातीत बसणारी डीजेची किक तर आणखी सोपी आहे. साइन लहर २०० हर्ट्झपासून पन्नासेक हजारांश सेकंदात ५० हर्ट्झपर्यंत कोसळते, आणि मग विरते. बाकी सगळं स्पीकरच्या भिंतीचं काम. टीआर-८०८मधली झांज सहा स्क्वेअर ऑसिलेटर मुद्दाम बेसूर लावून आणि फिल्टरमधून गाळून काढलेली आहे.

वेव्हटेबलबद्दल थोडक्यात सांगता येईल. एका लहरीऐवजी अनेक लहरी ओळीने साठवायच्या आणि वाजताना एकीकडून दुसरीकडे सरकत जायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत वुल्फगँग पाम यांनी पीपीजी या कंपनीच्या यंत्रांतून हे आणलं. आजच्या नाचाच्या संगीतातला गुरगुरणारा बेस बहुधा सीरम नावाच्या प्लगइनमधल्या, म्हणजे संगणकावरच्या सिंथमधल्या, वेव्हटेबलचा असतो. सॅम्पलिंग म्हणजे खऱ्या वाद्याचं रेकॉर्डिंगच पट्ट्यांवर वाजवणं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला 'तुतारी टोन' किंवा 'बेंजो टोन' काढतो आणि ऑक्टोपॅडवाला ढोलकी वाजवतो, तेव्हा बहुतेक काम सॅम्पलचं असतं. त्यात कमी काही नाही. फक्त रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते त्यातून काढता येत नाही.

ग्रॅन्युलर पद्धत सॅम्पलचे एक ते शंभर हजारांश सेकंदाचे बारीक कण करते आणि ते हव्या त्या क्रमाने, हव्या त्या दाटीने पेरते. आलापातला एक 'आ'कार मिनिटभर ताणायचा आणि तारता हलू द्यायची नाही, तर हीच वाट.

फिजिकल मॉडेलिंग मात्र निराळ्याच जातीचं. तिथे आवाज साठवत नाहीत. वाद्य कसं वागतं त्याचं गणित साठवतात. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी दाखवलेली युक्ती इतकी लहान आहे की विश्वास बसत नाही. संगणकाचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० आकड्यांचा असेल तर ४४१ मनमानी आकडे घ्या, म्हणजे शुद्ध खरखर. ते गोल गोल फिरवत वाजवा आणि प्रत्येक फेरीत प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवा. सेकंदाला १०० फेऱ्या होतात, म्हणून सूर १०० हर्ट्झच्या आसपासचा. सरासरीमुळे वरचे नाद आधी झिजतात. आणि ऐकू येते छेडलेली तार!

या युक्तीतून गिटार सुरेख येते, तानपुरा येत नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलवा असलेला, त्यावर जवारी काढून बारीक दोरा सरकवलेला. थरथरताना तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा स्पर्शते आणि खालच्या नादांची ऊर्जा वरच्यांकडे जाते. तारेला जिथे छेडली तिथे ज्या सहायक नादाचा स्थिर बिंदू असेल तो नाद वाजू नये, असा नियम आहे. रामन यांनी १९२१ साली नोंदवलं, की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. म्हणून तानपुऱ्याच्या प्रतिकृतीत तारेबरोबर घोडीचा आकारही गणितात घालावा लागतो.

शिकायला सुरुवात करायची तर पैसे लागत नाहीत. व्हायटलची मूळ आवृत्ती आणि सर्ज एक्सटी हे संगणकावरचे सिंथ फुकट आहेत. डीएक्स७ची हुबेहूब प्रतिकृती असलेला डेक्स्डही फुकट. पण तिन्ही एकदम घेऊ नका, आणि हजार प्रीसेटचं, म्हणजे तयार टोनचं, पॅक तर मुळीच नको. सर्ज उघडा, रिकामा पॅच घ्या, एक ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन एन्व्हलप एवढ्यावर काही आठवडे काढा. डेक्स्डकडे नंतर वळा, आणि तिथेही आधी सहापैकी दोनच ऑपरेटर चालू ठेवा.

आपल्या संगीतासाठी एक जादा पायरी आहे, ती पाश्चात्त्य शिकवण्यांत सहसा नसते. कीबोर्ड आणि सिंथ १९८३ पासून मिडी या भाषेत बोलतात, आणि त्यात सूर वरखाली सरकवणाऱ्या पिच व्हीलचा पल्ला बहुधा वरखाली दोन अर्धस्वरांचाच लावलेला असतो. सेटिंगमध्ये तो १२ केला की व्हीलने सा पासून तार सा पर्यंत मींड घेता येते, मात्र हात फार स्थिर हवा. दुसरा मार्ग म्हणजे सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) करून लेगॅटो पोर्टामेंटो लावणं: पट्टीवर पट्टी धरली की सूर आपोआप सरकतो, पण दर वेळी त्याच चालीने, आणि गवई तसा कधीच सरकत नाही. २०१८ साली मिडीत अधिकृत झालेल्या एमपीईमध्ये प्रत्येक बोटाची तारता वेगळी हलवता येते. सर्ज आणि व्हायटल दोन्हींना ते चालतं. दरबारीतल्या आंदोलित कोमल गंधारासाठी मात्र एलएफओ वापरू नका. तो घड्याळाप्रमाणे एकाच मापाने डोलत राहतो. व्हीलचा पल्ला परत दोनवर आणा, व्हीलच्या वरखाली होण्याला फिल्टरचा कटऑफही थोडासा जोडा, आणि आंदोलन हातानेच द्या.